वाखानची शेपटी आणि हद्दीचे बारा खांब

अफगाणिस्तानचा नकाशा समोर धरला की ईशान्येच्या कोपऱ्यात एक शेपटी दिसते. लांबी सुमारे ३५० किलोमीटर, आणि अगदी अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम पंधरा-सोळा. वर ताजिकिस्तान, खाली चित्रळ आणि गिलगिटचा मुलूख, टोकाला चीन. ही वाखानची पट्टी. हा आकार कुठल्या राज्याचा, टोळीचा किंवा भाषेचा नाही. वाखी बोलणारी माणसं आज चार देशांत राहतात. १८७३ ते १८९५ या बावीस वर्षांत लंडन आणि सेंट पीटर्सबर्ग या दोन राजधान्यांनी तो ठरवला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि झारचा रशिया यांची हद्द कुठेही एकमेकींना लागता कामा नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. दोन भांडखोर शेजाऱ्यांच्या मध्ये कुणीतरी तिसऱ्याच्या नावावर एक बोळ सोडून द्यावा, तसा हा प्रकार.

बांधावरची भांडणं पाहिलेल्या माणसाला देशांच्या सीमांचं गणित फारसं जड जात नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, मोजणीच्या नकाशावर रेघ असते आणि शेतात हद्दीचा दगड असतो. तिन्ही जुळले तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. सीमेच्याही अशाच तीन पायऱ्या आहेत. आधी वाटप: अमुक मुलूख तुझा, तमुक माझा, एवढंच तत्त्वतः मान्य करायचं. मग आखणी: रेघ कुठून कुठे जाते ते करारात शब्दांनी लिहायचं आणि नकाशावर काढायचं. शेवटी निशाणी: दोन्हीकडच्या मोजणीदारांनी एकत्र जागेवर जाऊन खांब रोवायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि संयुक्त नकाशावर सह्या करायच्या. सीमावाद म्हणून आपण जे वाचतो, त्यातलं बरंचसं या पायऱ्यांच्या मधल्या फटीत घडलेलं असतं. वाखानमध्ये तिन्ही पायऱ्या पुऱ्या झाल्या. त्याच्या पूर्वेला, लडाखच्या बाजूला, त्या अजून व्हायच्या आहेत.

१८७३ चा इंग्रज-रशियन समझोता ही पहिली पायरी. बदख्शान आणि त्याचा वाखान हा भाग काबूलच्या अमीराचा. पूर्वेला सरीकोल सरोवरापासून पुढे अमू दर्याचा प्रवाह ही त्याची उत्तर सीमा. कागदावर हे स्वच्छ वाटतं. जागेवर गेल्यावर दोन अडचणी निघाल्या.

पहिली, अमू दर्या म्हणजे नेमका कुठला प्रवाह? १८३८ मध्ये जॉन वुड हा नौदलातला अधिकारी पामीरात चढून गेला आणि ज्या सरोवरातून त्याला पाणी निघताना दिसलं, तोच उगम असं त्याने ठरवलं. ते सरोवर म्हणजे झोरकुल, करारातलं सरीकोल तेच. इंग्रजांनी त्याला व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं. पुढे १८९४ मध्ये कर्झन (तेव्हा तो व्हाइसरॉय झालेला नव्हता) पामीरात फिरून आला आणि त्याने खरा उगम दक्षिणेकडे वखजीर खिंडीजवळच्या हिमनदीत आहे असं मांडलं. तिसरा दावेदार उत्तरेची अक्सू-मुरगाब नदी. कुठली शाखा ‘मुख्य’ धरायची यावर हजारो चौरस किलोमीटर इकडचे तिकडे होत होते. म्हणजे भूगोलाचा प्रश्न वाटतो तो मुळात मालकीचा होता.

दुसरी अडचण जास्त खोल. मैदानात नदी ही हद्द म्हणून सोयीची असते, पण डोंगरात माणूस राहतो तोच नदीकाठी. शेतं, पाट, चराई, सोयरिक, सगळं दोन्ही काठांवर पसरलेलं. अशा मुलखात खरी तुटक जागा असते ती खिंड, जिथे अर्धं वर्ष बर्फ असतं. पंज नदीच्या (अमू दर्याच्या वरच्या प्रवाहाचं हे नाव) वरच्या खोऱ्यातली वाखान, शुघनान आणि रोशान ही संस्थानं दोन्ही काठांवर होती. नदी ही सीमा धरल्याबरोबर प्रत्येकाचे दोन तुकडे झाले. करार करणाऱ्यांपैकी कुणी ती खोरी पाहिलेली नव्हती.

मध्यंतरी पश्चिमेकडे प्रकरण हातघाईवर आलं. रशियाने १८८४ मध्ये मर्व (आजच्या तुर्कमेनिस्तानात) घेतलं आणि त्याची फौज अफगाण हद्दीला भिडली. पण हद्द कुठे? मर्वच्या दक्षिणेचं पंजदेह नावाचं वाळवंटातलं हिरवं बेट कुणाचं, हेच ठरलेलं नव्हतं. संयुक्त सीमा आयोग नेमायचं ठरलं. सर पीटर लम्सडेन इंग्रजांच्या बाजूने येऊन थांबले, रशियन आयुक्त मात्र आलेच नाहीत. ३० मार्च १८८५ रोजी जनरल कोमारोव्हच्या फौजेने पंजदेहजवळ अफगाणांवर हल्ला केला आणि शेकडो अफगाण मारले गेले. अमीर अब्दुर रहमान त्या वेळी रावळपिंडीला व्हाइसरॉय डफरिनच्या भेटीला आलेला होता. लंडनमध्ये ग्लॅडस्टन सरकारने युद्धाच्या तयारीसाठी १ कोटी १० लाख पौंडांची मागणी पार्लमेंटपुढे ठेवली. युद्ध टळलं. त्यात अमीराच्या थंड डोक्याचा वाटा मोठा होता: पंजदेहसाठी दोन साम्राज्यांची लढाई आपल्या अंगणात व्हावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. पंजदेह रशियाकडे राहिलं, झुल्फिकार खिंड अफगाणांकडे.

इथला धडा मोजणीखात्यातल्या कुणालाही तोंडपाठ असेल. आधी ताबा आणि मग मोजणी असा क्रम लागला की ज्याचा पाय आधी पडतो त्याचं फावतं. रशियन आयुक्तांना झालेला उशीर हा प्रवासातला उशीर नव्हता.

पुढची दोन वर्षं आयोगाने झुल्फिकारपासून अमू दर्यापर्यंत खांब रोवत नेले आणि शेवटच्या टप्प्यावर गाडी अडकली. १८७३ च्या कागदात अमू दर्यावरच्या ‘ख्वाजा सालार’ या ठाण्याचा उल्लेख होता. जागेवर गेल्यावर हे नाव नेमकं कोणत्या ठिकाणाचं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होईना. आयोगाला हात टेकावे लागले. १८८७ मध्ये निकाल लागला तो सेंट पीटर्सबर्गला, देवाणघेवाणीने: अमूकाठची जमीन अफगाणांकडे, बदल्यात कुश्क आणि मुरगाब नद्यांच्या मधला पट्टा रशियाकडे. कुणीतरी चौदा वर्षांपूर्वी ऐकीव माहितीवर कागदात एक नाव घातलं, त्याची ही किंमत.

आता पामीर. ऑगस्ट १८९१. लहान पामीरात बोझाई गुंबझ या कुरणावर इंग्रजांच्या कॅप्टन फ्रान्सिस यंगहझबंडचा तळ होता. रशियाचा कर्नल योनोव्ह कोसॅक घोडेस्वार घेऊन आला. दोघांनी एकत्र जेवण केलं, गप्पा झाल्या, रशियन पुढे गेले. तीन दिवसांनी योनोव्ह परत आला आणि म्हणाला की हा रशियाचा मुलूख आहे, तुम्ही चालते व्हा, आणि तसं लेखी द्या. पुढच्या वर्षी त्याच योनोव्हच्या माणसांची सोमताशला अफगाण ठाण्याशी चकमक झाली, त्यात ठाण्यावरचे अफगाण मारले गेले. लंडनला घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. बोझाई गुंबझहून हिंदुकुशच्या खिंडी ओलांडल्या की खाली गिलगिट आणि चित्रळ. मधे कुणीच नव्हतं.

तोडगा दोन हप्त्यांत निघाला. १२ नोव्हेंबर १८९३ रोजी काबूलमध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरँड याने अमीराशी करार केला. त्याचा गाजलेला भाग म्हणजे ड्युरँड रेषा. पश्तूनांना मधून चिरत जाणाऱ्या त्या अडीच हजारांहून अधिक किलोमीटरच्या रेषेला काबूलचं कुठलंच सरकार आजतागायत मनापासून मानत नाही, तालिबानही नाही. कमी गाजलेला भाग पामीरचा. शुघनान आणि रोशानचे पंजपलीकडचे तुकडे अमीराने सोडायचे, बुखाऱ्याच्या दरवाझचा नदीअलीकडचा तुकडा घ्यायचा, आणि वाखान सांभाळायचं. वाखानचा हा बिनउत्पन्नाचा लांबलचक पट्टा त्याला नको होता. म्हणून इंग्रजांकडून अमीराला मिळणारी वार्षिक रक्कम १२ लाख रुपयांवरून १८ लाखांवर नेण्यात आली. बोळ कुणाच्या नावावर करायचा तर त्याला भाडं द्यावं लागतं, हे इंग्रजांना चांगलं कळत होतं.

दुसरा हप्ता ११ मार्च १८९५ चा, लंडनमध्ये झालेली पत्रांची अदलाबदल. सीमेची भाषा कशी असते ते पाहायचं असेल तर हा मजकूर बघावा. रेघ व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्व टोकापासून सुरू होते. सरोवराच्या अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला असलेल्या डोंगररांगेच्या माथ्याने बेंडरस्की आणि ओर्ता-बेल या खिंडींपर्यंत जाते. ती रांग सरोवराच्या अक्षांशाच्या दक्षिणेला राहील तोवर तिच्याच माथ्याने पुढे. मग अक्सू नदीवरच्या किझिल रबातकडे उतरते, पण किझिल रबात सरोवराच्या अक्षांशाच्या उत्तरेला नाही असं आढळलं तरच. ते उत्तरेला निघालं, तर अक्षांशाच्या दक्षिणेला अक्सूवर जी सोयीची जवळची जागा असेल तिथे. तिथून पूर्वेला चीनच्या हद्दीपर्यंत.

हा ‘तरच’ महत्त्वाचा आहे. किझिल रबात नेमकं कुठे आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हतं, आणि या वेळी त्यांनी तसं कागदातच कबूल केलं. ख्वाजा सालारच्या वेळची चूक सुधारली: ठिकाणाचं नाव द्यायचं, सोबत कसोटी द्यायची, आणि कसोटीत नापास झालं तर काय करायचं तेही लिहून ठेवायचं. कसोटी अक्षांशाची ठेवली हेही शहाणपणाचं. अक्षांश काढायला सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजावी लागते. थिओडोलाइट आणि निरभ्र रात्र असली की काम भागतं. रेखांश काढायला लांबच्या एखाद्या ठिकाणाची वेळ अचूक माहीत असावी लागते, म्हणजे तारयंत्र किंवा न बिघडणारी घड्याळं, आणि पामीरात त्या काळी दोन्हींचा भरवसा नव्हता. (किझिल रबात आज ताजिकिस्तानात आहे.)

त्या उन्हाळ्यात आयोग जागेवर पोचला. इंग्रजांकडून जनरल जेरार्ड आणि मोजणीला कर्नल थॉमस होल्डिच, रशियाकडून जनरल पोवालो-श्वेइकोव्स्की. झोरकुलची उंची चार हजार मीटरच्या वर, काम करता येण्याजोगे महिने जुलै ते सप्टेंबर. पूर्वेकडे सरकत बारा खांब रोवले गेले. शेवटच्या खांबापलीकडे अशी बर्फाची शिखरं होती की तिथे खांब रोवायला जाणंही शक्य नव्हतं; त्याची फार गरजही नव्हती. वाटेतल्या एका शिखराला आयोगाने ‘एकोपा’ अशा अर्थाचं नाव ठेवलं. ज्यांच्या मुलखाचा हा पट्टा होत होता त्या वाखान्यांना या एकोप्यात विचारलं गेलं नव्हतं, पण खांब मात्र टिकले. अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तान यांची तिथली सीमा आजही तीच आहे.

पत्रांमधलं एक कलम मात्र खांबांपेक्षा कामाचं ठरलं: हिंदुकुश आणि नवी रेघ यांच्यामधला मुलूख अमीराचा राहील, ब्रिटन तो खालसा करणार नाही, आणि तिथे लष्करी ठाणी किंवा किल्ले बांधले जाणार नाहीत. पट्टी नुसती रिकामी सोडून भागत नाही. ती रिकामी ठेवण्याचा नियम लागतो, मालक लागतो, आणि मालकाला पोसणारा लागतो. यातलं एक काढलं की बाकीचं डळमळतं. १९०७ मध्ये दोन साम्राज्यांनी इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांबद्दलही असाच समझोता केला. अमीराला त्यातही विचारलं नाही, त्याने संमती दिली नाही, आणि या दोघांनी त्याच्याशिवाय तो लागू असल्याचं जाहीर केलं.

१९४७ ला ब्रिटन गेलं आणि पट्टीचा मूळ उद्देशच संपला. पट्टी राहिली. १९८० मध्ये सोव्हिएत फौजेने तिच्यात ठाणी उभारली, म्हणजे जे टाळण्यासाठी ती आखली होती नेमकं तेच झालं. लहान पामीरातल्या किरगीझ पशुपालकांचे उन्हाळी-हिवाळी मुक्काम तोवर तीन सीमांमध्ये अडकले होते: उत्तरेचा रस्ता सोव्हिएत सत्तेने बंद केला, पूर्वेचा १९४९ नंतर चीनने. १९७८ मध्ये रहमान कुल खानाबरोबर तेराशेच्या आसपास किरगीझ पाकिस्तानात उतरले आणि १९८२ मध्ये तुर्कस्तानात वान प्रांतात वसवले गेले.

आता त्या रेघेच्या पूर्व टोकाकडे. १८९५ च्या पत्रांत ‘चीनच्या हद्दीपर्यंत’ असे शब्द आहेत. ती हद्द कुठे, हे चीनला कुणी विचारलं नव्हतं. अफगाणिस्तान आणि चीन यांचा सीमाकरार व्हायला नोव्हेंबर १९६३ उजाडलं. ताजिकिस्तानने तर २०११ मध्ये पामीरातला सुमारे हजार चौरस किलोमीटरचा भाग चीनला देऊन जुना हिशेब मिटवला. त्याहून दक्षिण-पूर्वेला मात्र इंग्रजांनी दोन वेगवेगळ्या रेघा मागे ठेवल्या. १८६५ मध्ये मोजणी खात्यातला जॉन्सन खोतानला जाऊन आला आणि त्याच्या नकाशात अक्साई चीन काश्मीर संस्थानात आलं. १४ मार्च १८९९ रोजी पेकिंगमधला ब्रिटिश राजदूत मॅकडोनाल्ड याने चीनला दुसरी रेघ सुचवली, तिच्यात बहुतेक अक्साई चीन चीनकडे जात होतं. चीनने उत्तरच दिलं नाही. म्हणजे इथे दुसरी पायरी सोडाच, पहिलीसुद्धा नीट झालेली नव्हती.

स्वतंत्र भारताच्या नकाशांवर या भागात आधी ‘अनिश्चित’ असा उल्लेख होता; १९५४ पासून ठाम रेघ आली. १९५७ मध्ये चीनने शिनच्यांग ते तिबेट असा रस्ता अक्साई चीनमधून पुरा केल्याचं जाहीर केलं. पंजदेहचाच क्रम: ताबा आधी, बोलणी नंतर. नोव्हेंबर १९५९ च्या पत्रात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पश्चिमेकडे ‘प्रत्यक्ष ताब्याची रेषा’ हा शब्द वापरला, आणि १९६२ च्या युद्धानंतर तोच चिकटला.

या शब्दाचा नीट अर्थ घ्यायला हवा. ही हद्द नव्हे, ही वहिवाट. आणि वहिवाट सिद्ध करायची तर पाय पडत राहावे लागतात. म्हणून गस्त. पूर्व लडाखमध्ये काराकोरम खिंडीपासून चुमारपर्यंत ठरावीक गस्तबिंदू आहेत. तुकडी तिथवर जाते आणि परत येते. समोरची तुकडी दिसली तर दोन भाषांत ‘हा आमचा भाग आहे, परत जा’ असं लिहिलेलं फडकं उलगडून दाखवायचं. जिथे दोघांच्या वहिवाटी एकमेकींवर चढतात तिथेच गाठ पडते. भारत या रेषेची लांबी ३,४८८ किलोमीटर सांगतो, चीन दोन हजारांच्या आसपास. एवढा फरक असलेल्या रेषेचे नकाशे दोघांनी एकमेकांना द्यायला हवे होते. मधल्या टप्प्याचे २००० मध्ये दिले गेले. पश्चिमेकडचे दाखवले आणि परत घेतले, कारण नकाशा हातात दिला की पुढे त्याहून जास्त मागता येत नाही.

नियम मात्र भरपूर झाले. १९९३ चा शांतता करार. १९९६ चा, ज्यात रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार किंवा स्फोट करायचे नाहीत असं ठरलं. २०१३ चा, ज्यात सामाईक समज नसलेल्या भागात एकमेकांच्या गस्तीचा पाठलाग करायचा नाही असं. रेघ कुठे आहे हे न ठरवता रेघेजवळ कसं वागायचं हे ठरवलं. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये गोळी न झाडता वीस भारतीय जवानांचा मृत्यू झाला. चीनने पुढे आपले चार सांगितले.

सिक्कीमच्या बाजूला करार असूनही काय बिघडतं ते २०१७ मध्ये डोकलामला दिसलं. १८९० च्या करारात एकाच कलमात दोन गोष्टी आहेत: सीमा सिक्कीमची तीस्ता आणि तिबेटची मोचू या नद्यांची पाणी वेगळी करणाऱ्या माथ्याने जाईल, आणि ती भूतान सरहद्दीवरच्या गिपमोची शिखरापासून सुरू होईल. पाणलोटाचा माथा धरला तर भारत, चीन आणि भूतान यांच्या सीमांचा तिठा बटांग ला या खिंडीत येतो. शिखराचं नाव धरलं तर तो काही किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि खाली सिलिगुडीकडची बाजू उघडी पडते. चीन नावाला धरतो, भारत आणि भूतान माथ्याला. नाव आणि कसोटी जुळली नाहीत तर कुठलं चालेल, हे त्या कागदात नाही. पाच वर्षांनी पामीरच्या पत्रांत ते होतं. भूतान तर त्या करारात पक्षकारही नव्हता. त्या एका कलमापायी दोन सैन्यं ७३ दिवस समोरासमोर उभी राहिली.

गलवाननंतर लडाखमध्ये जे झालं ते वाखानचंच छोटं रूप आहे. गलवान, पँगाँगचा उत्तर काठ, गोग्रा आणि हॉट स्प्रिंग्ज इथे दोन्ही सैन्यं मागे सरली आणि मधे मोकळा पट्टा राहिला, जिथे कुणीच गस्त घालत नाही. मारामारी थांबवायला तो उपयोगी पडतो. पण वहिवाटीच्या न्यायाने पाहिलं तर मोकळा पट्टा दोघांसाठी सारखा नसतो. ज्याची गस्त आधी पुढपर्यंत जात होती त्याचं जास्त जातं, आणि ज्याचा मेंढपाळ तिथे चारायला जात होता त्याचं सगळ्यात जास्त. चांगथांगच्या चांगपा पशुपालकांना हिवाळी कुरण कुठवर, हे आता लष्कर सांगतं. देपसांग आणि देमचोकमध्ये मात्र असे पट्टे केले नाहीत. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे गस्त पुन्हा सुरू करण्याची व्यवस्था ठरली.

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या विशेष प्रतिनिधींनी सीमेच्या आखणीत लवकर पदरात पडेल असं काही आहे का ते तपासायला तज्ज्ञगट नेमायचं मान्य केलं. आखणी, म्हणजे दुसरी पायरी. लंडन आणि सेंट पीटर्सबर्ग ती मार्च १८९५ मध्ये चढले होते, आणि सहा महिन्यांच्या आत बारावा खांब उभा होता.